स्क्रॅच करताना हात आखडतो. सैल कसा ठेवायचा?

रिवाइंड_सोलापूर
नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, डीजे म्हणजे मिरवणुकीतली बॉक्सची भिंत, तो विषय हा नाही. एका हातानं टर्नटेबलवरची तबकडी मागं-पुढं करायची, दुसऱ्या हातानं मिक्सरचा क्रॉसफेडर, म्हणजे आवाज चालू-बंद करणारी सरकती खुंटी, उघडायचा-मिटायचा, आणि त्यातून जो आवाज निघतो त्या स्क्रॅचिंगबद्दल विचारतोय.

आठ महिने झाले शिकतोय. शिक्षक कोणी नाही, व्हिडिओ बघून चाललंय. पुण्यातल्या ओळखीतून जुनं टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ टर्नटेबल (डेक) आणि दोन चॅनलचा मिक्सर घेतला. दिवसा अक्कलकोट रोडला एका कारखान्यात हिशेबाचं काम, आणि रात्री जेवणं उरकली की दहानंतर तास-सव्वा तास रियाज. बेबी (फेडर न हलवता नुसतं मागं-पुढं) जमतो, फॉरवर्ड (फक्त पुढची ओढ ऐकू येते) जमतो, चर्प (ओढीबरोबर फेडर मिटून-उघडून चिवचिव काढायची) ७५-८० च्या टेम्पोला, म्हणजे मिनिटाला तेवढ्या मात्रांना, स्वच्छ येतो. ९० च्या पुढं गेलं की तबकडीवरचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत लाकूड होतो. खांदा कानाकडं चढतो. फेडरवरचा डावा अंगठा इतका दाबला जातो की नख पांढरं पडतं. दहा मिनिटांत आवाजाची धार जाते आणि नुसती खरखर उरते.

व्हिडिओत सगळे म्हणतात, रिलॅक्स. मी रोज हाताला सांगतो सैल हो, तो ऐकत नाही. वाजवणाऱ्यांनी सांगा. तबला-पेटीवाल्यांनीही सांगा, हात तो हातच.

कडक_भाकरी
सोलापुरात तबकडीवर रियाज करणारा माणूस हाय हे वाचूनच लई बरं वाटलं. मला यातलं काही येत नाही, पण धाग्यावर बसून राहणार. गणपतीत लेझीम खेळताना नवीन पोरांचं असंच होतं, पहिल्या चौकातच मनगट धरून उभी.

भुईकोट
दोन प्रश्न. सुई उडते का? आणि टेबल किती उंच आहे?

रिवाइंड_सोलापूर
@भुईकोट, सुई पहिले दोन-तीन महिने फार उडायची. आता कमी, पण जोरात मागं ओढलं की अजून उडते. टेबल म्हणजे आईच्या शिलाई मशीनचं जुनं टेबल, ७४ सेंटिमीटर. माझी उंची ५ फूट १०.

भुईकोट
मग हाताला दोष देऊ नका. हात घाबरलाय, आणि त्याला घाबरायला कारण आहे.

मूळचा सोलापूरचा, नव्वदच्या दशकात मुंबईत वाजवायला लागलो, अजून वाजवतो. माझंही पहिलं वर्ष असंच गेलं, म्हणून सविस्तर लिहितो.

सुई उडाली की नवशिका काय करतो? तबकडी दाबून धरतो. त्याला वाटतं दाबल्यानं ती जागेवर राहील. होतं उलटंच. बोटांच्या दाबानं तबकडी एका बाजूला किंचित वाकते आणि सुई आणखी उडते. मग तो आणखी दाबतो. तीन महिने असं केलं की सुई उडायची थांबली तरी हात दाबतच राहतो, कारण त्याला ते पाठ झालेलं असतं. तुम्ही सैल हो म्हणून उपयोग नाही. ज्याच्यामुळं तो आवळला गेला ती एकेक गोष्ट काढून टाकावी लागते.

आधी सुई. टोनआर्मचं, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याचं, मागचं वजन नीट लावा. कार्ट्रिजवर (सुई बसते तो डबा) किती ग्रॅम सांगितलंय ते बघा आणि त्याच्या वरच्या टोकाला ठेवा. शुअर एम४४-७ असेल तर १.५ ते ३ ग्रॅम सांगितलंय, स्क्रॅचला आम्ही ३ च्या जवळ ठेवायचो. (शुअरनं कार्ट्रिज बनवणं २०१८ मध्ये बंद केलं, त्यामुळं असेल तर जपा.) अँटी-स्केट (टोनआर्मची आतली ओढ तोलणारं बटण) शून्यावर. तबकडीचं मधलं भोक सैल असेल तर खुंटीला कागदी टेपचा एक वेढा द्या, नाहीतर प्रत्येक ओढीला तबकडी खुंटीवर आपटते. आणि डेक टेबलावर सपाटच ठेवून, आडवं न ठेवता ९० अंशात उभं फिरवा, म्हणजे टोनआर्म तुमच्यापासून लांब, वरच्या बाजूला जाईल. हाताचा धक्का लागायची भीती गेली की खांदा आपोआप एक बोट खाली येतो.

मग टेबल. ५ फूट १० च्या माणसाला ७४ फार खाली. तुम्ही वाकता, खांदे पुढं येतात आणि अंगाचं वजन तळहातावर पडतं. तबकडी कोपराच्या जरा खाली यायला हवी. १२-१५ सेंटिमीटर उचला, पण डगमगता कामा नये.

आता परीक्षा. तुमच्या डेकवर प्लॅटरच्या, म्हणजे तबकडीखालच्या फिरत्या थाळीच्या, कडेला ठिपक्यांच्या चार ओळी आहेत आणि लाल दिवा आहे. पिच (वेग कमी-जास्त करायची पट्टी) शून्यावर असताना मोठ्या ठिपक्यांची ओळ जागच्या जागी थांबलेली दिसते. स्क्रॅच करताना त्या ओळीकडं बघा. ठिपके सरकायला लागले तर तुम्ही तबकडी ओढत नाही, खालचा प्लॅटरच दाबून थांबवताय. बघा आणि खरं काय ते इथं सांगा.

जुळे_सोलापूर
भुईकोट यांचं बरंचसं पटलं, पण सगळा ताण वाईट हे पटत नाही. स्क्रिबल कसा काढणार? त्यात हात मुद्दाम ताठ करून थरथरवतातच. पूर्ण सैल हातानं स्क्रिबल येत नाही, मी प्रयत्न केलाय.

रिवाइंड_सोलापूर
ठिपके पळतात. नुसते सरकत नाहीत, पळतात. मागं ओढताना जास्त, पुढं सोडताना कमी. आठ महिने तो लाल दिवा समोर होता आणि मी तो शोभेचा समजत होतो.

आणखी एक सापडलं. फेल्टची स्लिपमॅट (तबकडी सरकावी म्हणून तिच्याखाली घालतात ती) मी डेकबरोबर आलेल्या जाड रबरी मॅटवर ठेवली होती.

भुईकोट
रबर काढा! आज, आत्ता. रबर फेल्टला धरून ठेवतं, फेल्ट तबकडीला, आणि तुम्ही रोज रात्री मोटरशी कुस्ती खेळताय. मोटरचा जोर १.५ किलो-सेंटिमीटर आहे, ती हटणार नाही. स्लिपमॅट थेट धातूच्या प्लॅटरवर ठेवा. तिच्याखाली एलपीच्या आतल्या प्लास्टिकच्या पिशवीतून कापलेला गोल घाला. बोटाच्या टोकानं तबकडी थांबली पाहिजे आणि खाली प्लॅटर फिरत राहिला पाहिजे.

@जुळे_सोलापूर, बरोबर आहे. स्क्रिबलला ताण लागतो. पण तो दोन मात्रा, चार मात्रा घेतला आणि सोडला. यांचा ताण सुटतच नाही, प्रश्न तो आहे.

मागवाला
मला तुमच्या यंत्रातलं कळत नाही, पण ताणातलं कळतं. ४० वर्षं माग चालवले, आता मुलगा बघतो. साध्या मागावर ताण्याच्या भीमाला (उभे धागे गुंडाळलेल्या रुळाला) दोरी गुंडाळून तिला वजन टांगतात. वजन जास्त झालं की धागे तटातट तुटतात. कमी झालं की कापडात झोळ पडतो आणि धोटा नीट जात नाही. सैल आणि ढिला यात फरक आहे हे पोरांना शिकवायला मला वर्ष लागायचं. मी म्हणायचो, धाग्यावर बोट ठेवून बघ, तो वाजला पाहिजे पण ओरडला नाही पाहिजे.

तुमच्या सुईच्या मागं पण वजन असतं म्हणता. म्हणजे कारखाना एकच आहे.

कडक_भाकरी
ताणाच्या धाग्यावर धाग्याच्या ताणाची चर्चा. सोलापूर सोडून हे कुठं होणार!

झपताल
तबल्याकडून लिहितो. ३० वर्षं शिकवतोय, त्यात सर्वांत जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य "खांदा सोड" हेच असेल. भुईकोटांसारखंच माझंही मत, नुसतं सांगून खांदा सुटत नाही. मी विद्यार्थ्याला विचारतो, पुढचा बोल माहीत आहे का? बहुतेक वेळा हात तिथं आवळतो जिथं डोक्यात बोल स्पष्ट नसतो. हात वाट बघत उभा राहतो आणि उभा राहताना ताठ होतो.

म्हणून आमच्याकडं पढंत असते. हात लावायच्या आधी बोल तोंडानं, टाळी देत. तोंडानं जे स्वच्छ येत नाही ते हातानं येणार नाही. तुम्ही तुमच्या स्क्रॅचला बोल द्या, आवाजाला मिळताजुळता कुठलाही. बोटांनी मांडीवर ठेका धरून ९० च्या लयीत ते म्हणता येतंय का बघा. म्हणताना जीभ अडखळली तर हाताची चूक नाही.

दुसरं, लय चढवायची पद्धत. ८० वरून ८५, ८५ वरून ९० असं चढत गेलात तर प्रत्येक पायरीवर हात थोडा थोडा आवळत जातो आणि कळत नाही. आमच्याकडं ठाय, दुगुन, चौगुन एकाच ठेक्यावर करतात. ६० चा ठेका लावा. त्याच्यावर बरोबरीत वाजवा, मग दुप्पट, मग चौपट दोन आवर्तनं, आणि लगेच परत बरोबरीत उतरा. उतरताना हात सुटतो. ते सुटणं हाताच्या लक्षात राहतं. आणि समेवर हात उचला. तबकडी तिची तिला वाजू द्या.

चाटीवर तर्जनी मारताना नवा विद्यार्थी बोट तिथंच रोवतो. बोट आपटून परत यायला हवं. तुमच्या फेडरचं तसंच असावं, मला वाटतं.

कडक_भाकरी
चाटी म्हटल्यावर मला आधी चाटी गल्लीच आठवली. रिवाइंडभाऊ, स्लिपमॅटला फेल्ट लागलं तर तिथंच जा.

रिवाइंड_सोलापूर
रबर काढलं. फरक इतका आहे की पहिल्या ओढीला तबकडी हातातून निसटलीच, मी नेहमीच्या जोरानं ओढली होती. पण माझं फेल्ट जुनं आणि लिबलिबीत झालंय, कडेला चुणी पडते. कडक_भाकरींचं ऐकून फेल्ट आणतो.

@झपताल सर, बोल म्हणून बघितले. चर्प ९० ला तोंडानंच येत नाही. तिसऱ्या मात्रेला श्वास अडकतो.

भुईकोट
फेल्टवरून आठवलं. स्लिपमॅटची गोष्टच शिवणकामाच्या घरातली आहे. ब्राँक्समधल्या ग्रँडमास्टर फ्लॅशची आई शिवणकाम करायची. त्यानं फेल्ट आणून गोल कापलं, स्टार्च मारून इस्त्रीनं कडक केलं आणि तबकडीखाली घातलं. त्याला तो वेफर म्हणायचा. तुमच्याकडं आईच्या शिलाई मशीनचंच टेबल आहे, सुती पातळाला खळ घालतात तशी फेल्टला घाला आणि इस्त्री करा. पातळ खळ, एकच हात. दाट झाली तर फेल्टचे तंतू उभे राहतात आणि तबकडी परत अडते.

मागवाला
सायझिंगमध्ये आम्ही सुताला खळ देतो ती पण याच कारणानं, घासून धागा फुटू नये म्हणून. तुमच्या फेल्टला साबुदाण्याची पुरेल.

फिजिओ_ताई
थोडं शरीराचं सांगते, मी फिजिओथेरपिस्ट आहे, होटगी रोडला राहते.

बोटं हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर ते मनगट या भागात असतात आणि दोरीसारख्या कंडरांनी बोटं ओढतात. म्हणून दाबतं बोट पण लाकूड होतो हात. बोट मिटवणारे स्नायू एका बाजूला, उघडणारे दुसऱ्या बाजूला. शिकाऊ माणूस दोन्ही एकाच वेळी आवळतो, एका पायानं ब्रेक आणि दुसऱ्यानं अॅक्सिलरेटर दाबावा तसं. गाडी चालते, पण इंजिन तापतं. तुमचं दहा मिनिटांत तापतं.

आता मला सांगा, मुंग्या येतात का? कुठल्या बोटांना? रात्री झोपेत हात बधिर होतो का? अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला दुखतं का? आणि वाजवताना श्वास धरता का?

रिवाइंड_सोलापूर
@फिजिओ_ताई, मुंग्या नाहीत. डाव्या अंगठ्याच्या बुडाशी सकाळी जरा दुखतं, बाटलीचं झाकण फिरवताना. श्वासाचं आज मुद्दाम बघितलं. धरतो. चार मात्रा पूर्ण होईपर्यंत घेतच नाही.

कारण पण कळलं. पलीकडच्या खोलीत वडील झोपलेले असतात, पहाटेच्या पाळीला जातात. मी हेडफोन लावतो, पण फेडर टोकाला आपटल्याची टकटक आणि सुईचा बारीक आवाज खोलीत येतोच. दारामागून खोकला आला की माझे दोन्ही खांदे वर जातात.

भुईकोट
तर मग ऐका. स्क्रॅचिंगचा शोध लावल्याचं श्रेय ज्याला देतात तो ग्रँड विझर्ड थिओडोर, सत्तरच्या दशकाच्या मध्यातली गोष्ट, ब्राँक्समध्येच. पोरगा खोलीत गाणी लावून बसला होता, आई दारात येऊन आवाज कमी कर म्हणून ओरडायला लागली. त्यानं तिचं ऐकताना तबकडी हातानं धरून ठेवली आणि नकळत मागं-पुढं हलवली. आपण सगळे त्या दारातल्या आईचे ऋणी आहोत. वडिलांना सांगून टाका, रात्री काय करता ते.

फिजिओ_ताई
अंगठ्याच्या बुडाचं दुखणं अंगावर काढू नका. अंगठा वर उचलणाऱ्या कंडरांना सूज आली की असं होतं, डी क्वेर्वेन म्हणतात त्याला. तुम्हाला तेच आहे असं मी न बघता म्हणणार नाही. दोन आठवडे डाव्या हाताला क्रॅब आणि ट्रान्सफॉर्मर (फेडर झपाट्यानं उघडायचे-मिटायचे प्रकार) बंद, नुसती तबकडी वाजवा, फेडर उघडा ठेवून. कमी नाही झालं तर कुणालातरी प्रत्यक्ष दाखवा. आणि सगळ्यांसाठी, अंगठा, तर्जनी, मधलं बोट रात्री बधिर होत असेल किंवा करंगळीला सतत मुंग्या असतील तर नस दबत असू शकते, रियाजानं ते जाणार नाही. डॉक्टरकडं जा.

श्वासाचं सोपं आहे. तबकडी मागं ओढताना सोडा.

जुळे_सोलापूर
उन्हाळ्याचं कोणीच बोललं नाही. सोलापुरात मे महिन्यात ४२-४३ ला हाताला घाम येतो, बोट तबकडीला चिकटतं आणि सोडताना ओढ बसते. तेव्हा पण माणूस नकळत जोर लावतो. मी शेजारी सुका पंचा ठेवतो, दर पाच मिनिटांनी बोटं पुसतो. पावडर लावू नका, खाचेत जाते आणि सुईवर गोळा होते.

पूर्वभागकर
सगळा धागा एका दमात वाचला. मी पण वाजवतो, छोट्या ७ इंची तबकड्यांच्या पोर्टेबल डेकवर, दोन वर्षं झाली. हात मोकळा कसा ठेवायचा हे मी घरात शिकलो, म्हणून लिहितो.

माझी अम्मा विड्या वळते, लग्नाच्या आधीपासून. मजुरी हजारावर. मांडीवर सूप, सुपात ओलं करून कापलेली पानं, तंबाखू आणि दोरा. मी शेजारी बसून क्रॅब करत होतो. क्रॅब ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अंगठा फेडरच्या एका बाजूला स्प्रिंगसारखा ठेवायचा आणि दुसऱ्या बाजूनं तीन-चार बोटं एकामागोमाग ओढून घ्यायची, चुटकी वाजवल्यासारखी. डीजे क्यूबर्टनं गाजवलेला प्रकार आहे. माझा अंगठा स्प्रिंग नव्हताच, खिळा होता. दोन मिनिटांत दुखायचा.

अम्मा बघत होती. म्हणाली, मेल्लगा, मेल्लगा. (हळू, हळू.) मग तिनं मला तिचा हात बघायला लावला. पान डाव्या हाताच्या बोटांवर, चिमटीतला तंबाखू पसरायचा, आणि दोन्ही अंगठे पान पुढं लोटतात. लोटतात, दाबत नाहीत. दाबलं तर पान फाटतं आणि तंबाखू सांडतो. तिच्या अंगठ्याचं नख मी बारकाईनं बघितलं, ते शेवटपर्यंत गुलाबीच राहतं. पांढरं होत नाही. रिवाइंडनं नखाचं लिहिलं तेव्हा मला तेच आठवलं.

दुसरी गोष्ट तिनं सांगितली नाही, मीच बघितली. २५ विड्यांची जुडी बांधली की तिचे दोन्ही हात सुपात पडतात, पालथे, उघडे. क्षणभरच. परत सुरू. दिवसभर असं चालतं. तेव्हापासून मी चार बार (सोळा मात्रा) वाजवले की दोन्ही हात खाली सोडतो, बीट चालू असते, पुढच्या एकला परत. आधी वाटलं वेळ वाया जातोय. पण आता तासभर वाजवून हात जड होत नाही.

आणि अम्माचे हात दुखतात बरं का, पाठ आणि मान तर फार दुखते. ती काही जादू करत नाही. पण अंगठा तिनं वाचवलाय.

झपताल
पूर्वभागकर, हे मी उद्या वर्गात सांगणार आहे. अम्मांना नमस्कार.

फिजिओ_ताई
नखाचा रंग ही फार चांगली खूण आहे. आरसाही नको, व्हिडिओही नको.

जुळे_सोलापूर
विषय थोडा सोडून, जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज उभे तोलत चालतात ना, त्याचा आधी कितीतरी दिवस सराव चालतो. लहानपणी आम्ही तो बघायला जायचो. नवखा माणूस काठीला कवटाळतो, आणि काठी जरा कलली की त्याला सगळं अंग वापरावं लागतं. जुना माणूस तिला हलू देतो आणि पायांनी तिच्याखाली जातो. सातही नंदीध्वज असेच जातात. मी डेकसमोर उभा राहताना गुडघे कुलूप लावल्यासारखे ठेवायचो, ते सोडले तेव्हा खांदा पण सुटला.

कडक_भाकरी
आता धाग्यावर माग, तबला, विडी आणि नंदीध्वज झाले. शेंगाचटणी राहिली फक्त.

भुईकोट
एक हिशेब देतो, कारण हात किती हलवायचा हे कळलं नाही तर माणूस गरजेपेक्षा जास्त हलवतो आणि तिथून ताण सुरू होतो. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगानं तबकडी १.८ सेकंदात एक फेरा घेते. ९० च्या टेम्पोला एक मात्रा ०.६७ सेकंद. मात्रेत चार हालचाली म्हणजे एक हालचाल ०.१७ सेकंद. तेवढ्या वेळात तबकडी आपल्या नैसर्गिक वेगानं ३३ अंश फिरते, म्हणजे कडेला साधारण ९ सेंटिमीटर. बास. नऊ! नवशिके वीस-पंचवीस सेंटिमीटर हात फिरवतात आणि मग वेळेत परत यायला धडपडतात.

हात लेबलच्या जवळ ठेवला तर तीन-चारच सेंटिमीटर पुरतात, पण जोर जास्त लागतो. कडेला जोर कमी, हालचाल जास्त. आपल्या हाताला मधली कुठली जागा आवडते ती शोधा. मी कडेपासून तीन बोटं आत ठेवतो.

रिवाइंड_सोलापूर
मंडळी, सहा आठवड्यांनी परत आलो. काय काय केलं ते सांगणं माझं काम आहे.

टेबलाखाली लाकडाचे ठोकळे घातले, १३ सेंटिमीटर. डेक उभं फिरवलं. वजन नीट लावलं, सुई आता महिन्यातून एकदा उडते. चाटी गल्लीतून फेल्ट आणलं. आईनं साबुदाण्याची खळ करून दिली आणि इस्त्री स्वतः फिरवली, मला हात लावू दिला नाही. पहिली मॅट पापडासारखी झाली, दुसरी जमली. तबकडी तिच्यावर अशी सरकते की मोटर लावून नुसतं बोटाचं पेर टेकवलं तरी थांबते, आणि खाली ठिपके जागेवर. मी ते ठिपके बघत कितीतरी वेळ उभा होतो.

दोन आठवडे फेडरला हात लावला नाही. अंगठ्याचं दुखणं गेलं. त्या दोन आठवड्यांत ६० च्या ठेक्यावर बरोबरी, दुप्पट, चौपट, परत बरोबरी. झपताल सर, उतरताना हात सुटतो हे खरं आहे, मला ते चौथ्या दिवशी जाणवलं. खांदा खाली पडला आणि तबकडीचा आवाज जाड झाला.

वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, मला वाटायचं उंदीर आहे. आता त्यांच्या पाळीच्या आठवड्यात मी संध्याकाळी वाजवतो. एकदा ते दारात उभे राहून ऐकत होते, माझे खांदे वर गेले नाहीत.

आज ९६ ला चर्प तीन मिनिटं वाजवला. हात गरम झाला, लाकूड नाही झाला.

उरलं एक. क्रॅब परत सुरू केलाय आणि डावं नख अजून पांढरं पडतं. पूर्वभागकरांसारखं लोटायचा प्रयत्न करतो, पण फेडर मधेच अडतो आणि अंगठा लगेच खिळा होतो.

भुईकोट
हात नाही, फेडर अडतोय. जुन्या मिक्सरच्या फेडरमध्ये धूळ आणि सुकलेलं ग्रीस बसतं. मिक्सर बंद करा, प्लग काढा, वरची पट्टी उघडून फेडर बाहेर घ्या, फेडरसाठी मिळणारा क्लीनर मारून कोरडा होऊ द्या. फुंकरीनं तो इकडून तिकडं गेला पाहिजे असं आम्ही म्हणायचो. नाहीच गेला तर हलका नवा फेडर बसवा. आणि मिक्सरवर कर्व्हचं बटण (फेडर किती सरकल्यावर आवाज उघडतो ते ठरवणारं) असेल तर ते पूर्ण तीक्ष्णवर करा, म्हणजे एक-दोन मिलिमीटरमध्ये आवाज उघडेल आणि अंगठ्याला लांब जावं लागणार नाही.

रिवाइंड_सोलापूर
कर्व्हचं बटण आहे. मधे होतं. आता फिरवलं. रविवारी फेडर उघडतो.

पूर्वभागकर
रविवारी मी येतो, छोटे स्क्रूड्रायव्हर माझ्याकडं आहेत. तुम्ही कुठं, अशोक चौकापासून लांब आहे का? अम्माला सांगितलं तर ती शेंगाचटणी बांधून देते म्हणाली.

कडक_भाकरी
पत्ता मला पण कळवा.